लायल बॅसेट यांचा पिवळा

त्या गुरुवारी सकाळी मी दुकानाचं कुलूप काढत होते, तेवढ्यात बाईंचा फोन आला. लायल मोझर घाटात एकटेच निघालेत, तू त्यांच्याबरोबर जा, असं त्या म्हणाल्या. दुकानाचं काय करू, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "माझा पाय प्लास्टरमध्ये नसता तर तुला सांगितलं नसतं, टिल्डा. जमलं तर गाडी तू चालव. नाहीच दिली त्यांनी, तर निदान शेजारी बस."

बाई म्हणजे कॉरिन बॅसेट, लायल यांची बायको. त्यांनी मला तिसरीत शिकवलं, म्हणून मी अजूनही त्यांना बाईच म्हणते. त्या कशाबद्दल बोलत होत्या ते मला लगेच कळलं. मला जे ठाऊक होतं ते त्यांनाही ठाऊक आहे, हे मात्र त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

आमचं हॅलोरन नऊशे वस्तीचं गाव. लायल तेविसाव्या वर्षी इथल्या चांदीच्या खाणीत मोजणीदाराच्या हाताखालचा माणूस म्हणून आले. दोन वर्षांत खाण बंद पडली, बाकीचे निघून गेले, हे राहिले आणि त्यांनी फोटोचं दुकान टाकलं. गावात असं घर नाही जिथे त्यांनी काढलेला फोटो नाही. शाळेतले वर्गाचे फोटो, लग्नं, बाप्तिस्मे, शिकारीच्या मोसमात मारलेल्या एल्क हरणाच्या शिंगांना धरून बसलेले पुरुष, सगळं त्यांनीच काढलेलं. पण ती पोटापाण्याची कामं होती. त्यांचा जीव सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होता, ॲस्पेनची झाडं पिवळी होतात त्या सात-आठ दिवसांत.

एकेचाळीस वर्षं त्यांनी एकही सप्टेंबर चुकवला नव्हता. कुठली राई कधी रंग बदलणार ते त्यांना तोंडपाठ होतं. ॲस्पेनचा अख्खा उतार एकाच मुळातून आलेला असतो, त्यामुळे तो एका दिवसात एकदम पिवळा होतो आणि शेजारची राई चार दिवस तशीच हिरवी राहते. गावातले लोक पाहुण्यांना कधी बोलवायचं ते दुकानात येऊन लायलना विचारत. त्या पानांचा देठ चपटा असतो. जरा हवा हलली की सगळं झाड थरथरायला लागतं आणि फोटो हलतो. वारा पडेपर्यंत लायल दोन-दोन तास ट्रायपॉडमागे उभे राहिलेले मी पाहिलेत, खिशातलं सँडविचही न काढता. त्यातल्या बारा फोटोंचं ते दरवर्षी कॅलेंडर करत आणि ते बँकेपासून केशकर्तनालयापर्यंत सगळीकडे लागे.

फोटो छापायचं काम माझं. अठरा वर्षं मी त्यांच्याकडे होते. लायल संगणकावर रंग ठीकठाक करून मला देत, मी ते कागदावर आणत असे.

सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा मला काहीतरी खटकलं. त्यांनी दिलेल्या फोटोत झाडांची खोडं निळसर होती आणि पिवळी पानं अशी दिसत होती की जणू कावीळ उतरू लागलेला माणूस, धड पिवळा नाही, धड हिरवा नाही. मला वाटलं, संगणकाचा पडदा बिघडला असेल. तो बदलला. पुढच्या वर्षी निळं आणखी वाढलं. मग एका दुपारी मी त्यांच्या मागे उभी राहून पाहिलं. ॲस्पेनचं खोड पांढरं असतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. पडद्यावर त्यांना ते पांढरं दिसत नव्हतं, मळकट दिसत होतं. म्हणून ते निळा रंग वाढवत जात होते, खोड त्यांच्या डोळ्यांना पांढरं दिसेपर्यंत.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. रात्रभर विचार करून सांगायचं ठरवलं, सकाळी ते शिट्टी वाजवत दुकानात आले आणि माझी हिंमत गेली. मी गुपचूप फोटोतला निळा काढून टाकला आणि छापलं. छापील फोटो पाहून ते म्हणाले, कागद पिवळट आलाय. मी म्हटलं, हो, कंपनीने बदललाय. नंतर मी काउंटरवरचा दिवा बदलून निळसर उजेडाचा लावला, म्हणजे तिथे ठेवलेला फोटो त्यांना बरा दिसावा. अशी सहा वर्षं गेली. खोटं एकदा बोलले असते तर एकदाच सांगावं लागलं असतं. मी दरवर्षी बारा वेळा बोलत होते.

त्या गुरुवारी मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा लायल जीपमध्ये बसलेच होते. त्या वर्षी खालच्या शहरातल्या इस्पितळाने नव्या इमारतीसाठी त्यांच्याकडून बारा मोठे फोटो मागवले होते. अकरा निवडून झाले होते. बारावा मोझर घाटातल्या होल्गेटच्या उताराचा हवा होता आणि रेडिओवर सांगत होते की संध्याकाळनंतर वारा सुटेल, वर बर्फ पडेल. म्हणजे त्या वर्षीचा तो शेवटचा दिवस. मी म्हटलं, गाडी मी घेते, तुम्ही आरामात बघत बसा. ते म्हणाले, "या जीपला माझीच सवय आहे." मी शेजारी बसले.

जाताना सूर्य अजून समोरच्या डोंगराआड होता आणि रस्ता मोकळा. ते सावकाश चालवत होते, पण मोझर घाट सगळेच सावकाश चालवतात. मोझर म्हणजे खाणवाल्यांनी डोंगराच्या कुशीत खोदलेली एका गाडीची वाट. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काही नाही. मी मनाशी म्हटलं, बाई उगाच घाबरल्या.

होल्गेटच्या वळणावर आम्ही साडेदहाला पोचलो. समोरचा सगळा उतार पेटल्यासारखा पिवळा होता. लायलनी ट्रायपॉड लावला आणि थांबले. दुपार झाली. मी कॉफी दिली. तीन वाजले. मी म्हटलं, सकाळचा प्रकाश छान होता, निघू या. त्यांना तिरपा उजेड हवा होता, पानांच्या मागून येणारा. आकाशात पश्चिमेकडे ढगांची करडी पट्टी दिसायला लागली होती आणि झाडं मधूनच एकदम सळसळत होती. शेवटी साडेचारला वारा अर्धा मिनिट थांबला आणि त्यांनी फोटो घेतला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांनी तो पाहिला, मला दाखवला. सुंदर होता. रंग अजून कुणी बदललेला नव्हता ना.

"आता चावी द्या," मी म्हटलं. त्यांनी सामान मागे टाकलं आणि स्वतःच बसले.

उतरताना सूर्य सरळ समोरच्या काचेत आला. काचेवर दिवसभराची धूळ होती, तिचा नुसता सोनेरी पडदा झाला. मलाही कपाळावर हात धरावा लागत होता. लायलनी टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि खडकाच्या इतकं जवळून गाडी नेऊ लागले की आरसा दोनदा घासला. माझ्या बाजूला दरी होती आणि मी खिडकीतून चाकाकडे बघत होते.

तिसऱ्या वळणावर समोरून घोड्यांचा ट्रेलर ओढणारा मोठा ट्रक आला. मी ओरडले तेव्हा लायलनी ब्रेक दाबला. ट्रकच्या आणि आमच्यामध्ये दहा हात अंतर उरलं होतं. तो एवढा मोठा ट्रक त्यांना माझ्या ओरडण्याआधी दिसलाच नव्हता.

ट्रक फिडेल गालेगोसचा. फिडेल माझ्याबरोबर शाळेत होता, आता शिकाऱ्यांना घोड्यांवरून वर नेतो. आमच्याकडे चढणाऱ्या गाडीचा मान पहिला, उतरणाऱ्याने मागे जायचं. शिवाय त्याच्यामागे सहा घोडे होते. गाडी बाजूला घेण्याइतकी जागा आमच्या मागे दीडशे पावलांवर होती. फिडेलने हात वर करून दिलगिरी दाखवली. लायलनी मागचा गिअर टाकला.

"मी घेऊ का?" मी विचारलं.

"मी हा रस्ता तुझ्या जन्माआधीपासून उलटा चालवतोय."

ते मान वळवून मागच्या काचेतून बघत होते. मीही वळले. मागे ऊन डोळ्यांत येत नव्हतं. रस्त्यावर पिवळ्या पानांचा थर होता. रस्ता जिथे संपत होता तिथून खाली ॲस्पेनचे शेंडे सुरू होत होते, तेही पिवळेच. मला त्या दोन पिवळ्यांमधली कड दिसत होती, ओल्या मातीची बारीक काळी रेघ. लायल ज्या दिशेने चाक फिरवत होते त्यावरून मला कळलं की त्यांना ती दिसत नाही. त्यांच्यासाठी ते सगळं एकच मैदान होतं.

"डावीकडे घ्या," मी म्हटलं.

"जागा आहे."

"लायल, डावीकडे."

त्यांनी चाक फिरवलं, पण उशीर झाला. माझ्या बाजूचं मागचं चाक कडेवरून घसरलं, खालून दगड निसटल्याचा आवाज आला, जीप मागे बसली आणि उजवीकडे कलली. मागचं सामान धाडकन माझ्या बाजूला येऊन आदळलं. लायलनी हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद पडलं. मग फक्त ट्रेलरमधल्या घोड्यांचं पाय आपटणं ऐकू येत होतं आणि खाली कुठेतरी अजून घरंगळणारे दगड.

माझ्या खिडकीतून मला रस्ता दिसत नव्हता. झाडांचे शेंडे दिसत होते.

लायलनी दार उघडायला हात नेला. मी त्यांचा दंड धरला. ते उतरले असते तर वरच्या बाजूचं वजन गेलं असतं आणि जीप माझ्यासकट खाली गेली असती. तेवढ्यात फिडेल धावत आला. एक नजर टाकून तो आमच्या पुढच्या बंपरवर चढला आणि बॉनेटवर पोट टेकून पडून राहिला. काचेच्या पलीकडे त्याचा चेहरा हातभर अंतरावर होता. तो अगदी हळू आवाजात बोलला, घोड्याशी बोलतात तसा.

"लायल, तुम्ही हलू नका. टिल्डा, तू त्यांच्या अंगावरून बाहेर ये. घाई करू नकोस."

लायलनी सीट मागे सरकवली. मी गिअरच्या दांड्यावरून एक पाय टाकला, मग गुडघा त्यांच्या मांडीवर. जीप कुरकुरली. मी थांबले. त्यांचा श्वास माझ्या कानाशी होता आणि त्यांचे हात माझ्या कमरेला धरून मला दाराकडे ढकलत होते. त्या अवस्थेत त्यांनी मला विचारलं, कुजबुजत, फिडेलला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, "रस्ता कुठे संपतो, तुला दिसत होतं?"

"हो," मी म्हटलं.

मी बाहेर पडले आणि दाराखालच्या पायरीवर सगळा भार देऊन उभी राहिले. मग लायल उतरले. जीप आणखी वीतभर कलली आणि थांबली.

फिडेलने ट्रकमधून साखळी आणली, एक टोक आमच्या पुढच्या हुकात अडकवलं, एक त्याच्या. ट्रेलरसकट ट्रक त्याने चार-पाच हात मागे घेतला, त्यापेक्षा जास्त घेता येणार नव्हता. साखळी ताणली गेली, चाक कडेवर चढलं, घसरलं, पुन्हा चढलं. जीप रस्त्यावर आली तेव्हा फिडेलचा शर्ट पाठीला चिकटला होता.

लायलनी मला चावी दिली. मी जीप उलटी वर नेत असताना ते खडकाच्या बाजूने चालत होते. मला ते काचेतून दिसत होते. त्यांचा उजवा हात खडकावर होता आणि पाऊल टाकण्याआधी ते बुटाने जमीन चाचपत होते. मला वाटत होतं त्यांना रंग कमी कळतो. त्यांना किती कमी दिसतंय याचा मी सहा वर्षांत कधी विचारच केला नव्हता.

फिडेल ट्रक घेऊन वर आला आणि आमच्याजवळ थांबला. लायल दूर एका दगडावर बसले होते. त्यांना किती दिसतं, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, उन्हात जरा त्रास होतो.

"टिल्डा," तो म्हणाला, "या रस्त्याने मी आठवड्यातून चारदा जातो. माझी मुलगी रोज जाते. आज तिने ट्रक आणला असता तर तिने काय केलं असतं?"

तो निघून गेला.

मी घाट उतरले. खाली नदीच्या पुलाशी आल्यावर गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं. निळी खोडं, कागदाबद्दलचं खोटं, काउंटरवरचा दिवा. सांगताना मी रस्त्याकडे बघत होते. वारा सुटला होता. पुलावरून पानांचे थवेच्या थवे जात होते.

"सहा कॅलेंडरं," लायल म्हणाले.

"हो."

"त्यातलं एकही माझं नाही."

मी म्हटलं, असं कसं, जागा तुम्ही शोधलीत, वेळ तुम्ही साधलीत, दोन-दोन तास तुम्ही उभे राहिलात. मी फक्त रंग थोडा...

"मी रंगाचेच फोटो काढतो, टिल्डा," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

घरी बाई कुबड्यांवर दारात उभ्या होत्या. लायल त्यांच्या बाजूने आत गेले आणि दार लावून घेतलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, गेल्या वर्षापासून ते जिन्याच्या पायऱ्या मोजून उतरतात. मी विचारलं, मग तुम्ही का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "तू का नाही बोललीस?" दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर मोझरवर एक पान उरलं नव्हतं.

तीन आठवडे लायल दुकानात आले नाहीत. मी रोज उघडत होते, बंद करत होते. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू सांगितला. अशा डोळ्यांनी तुम्ही गाडी चालवत होता हे मला ऐकायचं नाही, असंही ते म्हणाले म्हणे. एकेका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, मध्ये तीन आठवडे ठेवून.

पहिलं ऑपरेशन झाल्यावर पाचव्या दिवशी ते दुकानात आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. संगणकासमोर बसले आणि एकदा हा डोळा, एकदा तो डोळा झाकून पडद्याकडे बघू लागले. नव्या डोळ्याने एक, जुन्याने दुसरं. त्यांनी सहाही वर्षांचे स्वतः रंगवलेले मूळ फोटो एकामागून एक उघडले. मी मागे उभी होते, बसायचं धाडस होत नव्हतं.

दुपारी बारा वाजता ते म्हणाले, "हे मी तुला पाठवत होतो?"

"हो."

"तू छापलेले आण."

मी सगळे आणून मांडले. त्यांनी काउंटरवरचा दिवा विझवला, फोटो खिडकीशी नेले, जुना डोळा झाकला. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, रडताहेत. ते रडत नव्हते.

"तू जास्त केलास," ते म्हणाले. "होल्गेटवर इतका पिवळा कधीच नसतो."

माझा इतक्या दिवसांचा धीर तिथे सुटला. मी म्हटलं, मला काय माहीत तुम्हाला काय हवं होतं, मी तुमचे जुने फोटो समोर ठेवून अंदाजाने करत होते, दरवर्षी थोडा घाबरून जास्त टाकत होते, एकटीने करत होते. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, एक खुर्ची घे.

इस्पितळाचे बारा फोटो आम्ही पहिल्यापासून पुन्हा केले. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत ते मला विचारत, मी सांगत, मग ते नव्या डोळ्याने तपासत आणि बहुतेक वेळा माझं म्हणणं खोडून काढत. कामाला दीड महिना उशीर झाला. इस्पितळाने कुरकुर केली, पण घेतले. होल्गेटचा तो शेवटच्या दिवशीचा फोटो त्यात नव्हता. लायलनी तो तीनदा उघडला, तीनदा बंद केला आणि बाजूला ठेवला. बाराव्या जागी त्यांनी वीस वर्षांपूर्वीचा एक लावला.

दुकानाच्या काचेवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून एक कागदही चिकटवला. मागच्या सहा कॅलेंडरांतले रंग माझे नाहीत, टिल्डा मॅरोल्टचे आहेत, ज्यांना परत करायची असतील त्यांनी करावीत. एकानेही परत केलं नाही. काहीजण तर म्हणाले, आम्हाला तीच जास्त आवडली होती. ते त्यांना फार लागलं. दोन दिवसांनी त्यांनी कागद काढला.

फिडेलकडे ते एकटेच गेले. तिथे काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

त्यानंतर दुकान आणखी पाच वर्षं चाललं. लायल पुन्हा मोझरला जाऊ लागले, फोटो काढू लागले, आणि जाणकार म्हणतात की शेवटचे त्यांचे सगळ्यात चांगले आहेत, थंड आणि खरे. मला पगार वाढवून मिळाला, वाढदिवसाला केक मिळाला, बाई जेवायलाही बोलवत. पण फोटो छापायला टाकला की लायल हातातलं काम सोडून येत आणि कागद पूर्ण बाहेर येईपर्यंत यंत्राशेजारी उभे राहत. कागद हातात घेण्याआधी विचारत, "काही बदललंस?"

मी म्हणायची, नाही.

मग ते फोटो खिडकीशी नेत.